व्हॅटिकन म्युझियम: गाइडसोबत की आपलं आपण?

गर्दी दोन्हीकडे तीच. नकाशांचं दालन १२० मीटर लांब आहे, आणि तिथे माणसं एकमेकांच्या पाठीला चिकटून पुढे सरकतात. तुम्ही गाइडच्या छत्रीमागे असा नाहीतर एकटे, वेग तोच.

खरा फरक पडतो तो सिस्टिन चॅपेलमध्ये. आत गाइडला समजावून सांगायची मुभा नाही, म्हणून तो आधीच बाहेर अंगणात फलकापुढे उभं करून सगळं सांगतो. ‘अंतिम न्याय’ या भित्तिचित्रात उजवीकडे, अगदी खालच्या कोपऱ्यात गाढवाचे कान असलेला, सापानं वेढलेला मिनोस, म्हणजे नरकाचा न्यायाधीश, आहे. पोपच्या एका अधिकाऱ्यानं चित्रातल्या नग्नतेवर नाक मुरडलं, म्हणून मायकेलअँजेलोनं त्याचाच चेहरा तिथे बसवला, अशी कथा. ती कानावर असली की नजर थेट तिकडे जाते. नाहीतर छताकडे बघून मान अवघडते, एवढंच. (फोटोला बंदी आहे, ते एक बरंच.)

पण गाइड पिनाकोतेका या चित्रदालनाला बहुधा फाटा देतो. राफाएलचं शेवटचं चित्र तिथे आहे, आणि काराव्हाजोचा थडग्याकडे नेला जाणारा येशूही. एकटे असाल तर इथे हवं तितकं थांबा, कुणी ‘चला चला’ म्हणत नाही.

गाइडचे पैसे जास्त पडतात. महिन्याच्या शेवटच्या रविवारी प्रवेश फुकट असतो, पण त्या दिवशीच्या रांगेचं विचारूच नका. पहिल्या खेपेला मी तरी गाइडच घेईन. खांदे-गुडघे मात्र दोन्हीकडे झाकलेले हवेत.