रविवारी निघालेलं हेवी लायसन

माझ्या लायसनवर 'ट्रान्स', म्हणजे ट्रान्सपोर्ट, या ओळीपुढं तारीख छापली होती ०९-०३-२०२५. त्या दिवशी रविवार होता. रविवारी कुठल्या कचेरीत लायसनं निघतात? पण हा प्रश्न मला सात आठवडे पडलाच नाही. विम्याच्या सर्व्हेअरनं मोबाइलमधलं कॅलेंडर उघडून नाकासमोर धरलं, तेव्हा पडला.

मी निफाड तालुक्यातला. नऊ वर्षं दुसऱ्याच्या पिकअपवर ड्रायव्हर आहे. हंगामात द्राक्षांचे क्रेट, मग टोमॅटो, काहीच नसलं तर मंडपवाल्याचं सामान. लायसन २०१६ चं, त्यावर दोनच ओळी. एमसीडब्ल्यूजी, म्हणजे गिअरची मोटरसायकल, आणि एलएमव्ही, म्हणजे हलकं वाहन. तेवढ्यात भागत होतं. २०२५ च्या जानेवारीत आमच्याकडच्या एका कांदा व्यापाऱ्यानं विचारलं, "दहा टायरच्या ट्रकवर बसतोस का? आत्ता मिळतंय त्यापेक्षा महिन्याला सात हजार जास्त देतो. फक्त हेवी लायसन पाहिजे."

हेवी काढायचा सरळ रस्ता मला माहीत नव्हता असं नाही. एलएमव्हीला एक वर्ष झालेलं असावं आणि वय २० पूर्ण असावं. माझं दोन्ही झालेलं होतं. मग शिकाऊ लायसन, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये किमान ३० दिवस मोठ्या गाडीवर शिकायचं, स्कूलकडून फॉर्म ५, म्हणजे शिकल्याचा दाखला, घ्यायचा आणि चाचणी द्यायची. सरकारी फी फार नाही. शिकाऊला वर्गामागे १५०, चाचणीला ३००, नवा वर्ग जोडायला ५००, कार्डाचे २००. पण रात्री वाशी गाठायची, सकाळी परतायचं, मग मधल्या वेळात झोपायचं की शिकायचं? शॉर्टकट मीच शोधत होतो. तो मला शोधत आला नव्हता, हे आधीच सांगून टाकतो.

आरटीओ कचेरीच्या बाहेर, चहाच्या टपरीवर तो भेटला. खिशात दोन पेनं, बगलेत रेक्झिनची बॅग. येणारा-जाणारा त्याला नमस्कार घालत होता. मला वाटलं, एवढे लोक ओळखतात म्हणजे माणूस पक्का असणार.

"भाऊ, आत्ता कोणतं आहे?"

"एलएमव्ही."

"मग अर्धं काम झालंय. सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचला नाही का तुम्ही? नोव्हेंबरमध्येच लागला. एलएमव्हीवाल्याला आता ट्रक खुला. वेगळी परीक्षाबिरीक्षा राहिली नाही. वरची ओळ फक्त कार्डावर चढवून घ्यायची."

निकाल मी खरंच ऐकला होता. आमच्या ड्रायव्हरांच्या ग्रुपवर फिरत होता. त्यामुळं मान डोलावली. या माणसाचं कसब इथंच होतं. तो धडधडीत खोटं बोलत नव्हता. खऱ्याला खोटं चिकटवत होता, आणि सांधा दिसू देत नव्हता.

खरं काय ते नंतर मला एका वकीलसाहेबांनी सांगितलं. ६ नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं निकाल दिला की एलएमव्ही लायसन असलेला माणूस ७,५०० किलोच्या आतलं मालवाहू वाहनही चालवू शकतो, त्यासाठी ट्रान्सपोर्टची वेगळी नोंद लागत नाही. २०१७ मध्ये कोर्टानं हेच म्हटलं होतं, ते घटनापीठानं कायम केलं. म्हणजे माझी पिकअप, छोटा हत्ती, ४०७ हे सगळं एलएमव्हीवर चालतं. ७,५०० च्या वर मात्र निकालानं काहीही खुलं केलेलं नाही. तिथं 'ट्रान्सपोर्ट' हा वर्ग लागतो, म्हणजे शिकणं आलं आणि चाचणीही आली.

आता हे ७,५०० किलो कशाचे? आपण ड्रायव्हर लोक 'पासिंग' म्हणतो ते मालाचं. "गाडी किती पासिंग?" "नऊ टन." कायदा मोजतो ते एकूण वजन, गाडी अधिक माल, जे आरसी बुकात लिहिलेलं असतं. एजंट मला सहज बोलून गेला, "एकोणीस फुटी ट्रक तर तुम्ही आजपण चालवू शकता, साडेसात टनच तर पासिंग." साडेसात टन माल आणि त्याखाली गाडीचं स्वतःचं वजन, म्हणजे मर्यादा कधीच ओलांडली. चौदा फुटी गाड्या बऱ्याच ७,५०० च्या आत बसतात, एकोणीस फुटी बहुतेक बसत नाहीत. आणि दहा टायर तर एकूण २८ टनांच्या घरात जातो. पुष्कळ गाड्यांच्या नावातच वजन असतं. ४०७ म्हणजे चार टनांची जात, ११०९ म्हणजे अकरा टन, २८ नं सुरू होणारा आकडा म्हणजे अठ्ठावीस. नऊ वर्षं मी हे आकडे बघत होतो आणि ते कंपनीचे नंबर आहेत एवढंच समजत होतो.

ठरले २६ हजार. त्यातले १५ बायकोनं बचत गटातून उचलले. ती विचारत होती, "अहो, पावती देतो का तो?" मी म्हणालो, असल्या कामाची पावती नसते. ५ हजार मोबाइलवरून पाठवले, बाकी रोख. पैसे गेले त्या खात्यावर नाव भलत्याच बाईचं होतं. विचारलं तर म्हणाला, "मिसेसचा नंबर आहे." जाता जाता त्यानं आणखी एक गळ टाकला, चार हजार वाढवा, टँकरचा शिक्कापण मारून देतो. ज्वालाग्राही माल न्यायला वेगळं प्रशिक्षण घेऊन लायसनवर तशी नोंद करावी लागते. ती हा माणूस टपरीवर बसून विकत होता. ते मी घेतलं नाही. शहाणपण वगैरे काही नव्हतं, पैसे संपले होते.

त्यानंतर मला एकदाही बोलावणं आलं नाही. फोटो नाही, सही नाही, ओटीपी नाही. अर्ज खरोखर गेला असता तर मोबाइलवर मेसेज आले असते. मला वाटलं, काय सोय आहे! मार्चच्या मध्यावर त्यानं कार्ड हातात दिलं. "पोस्टानं यायला महिना लागतो, मी आतून काढून आणलं." कार्ड हुबेहूब. माझाच नंबर, माझाच फोटो, दोन जुन्या ओळी आणि खाली तिसरी, 'ट्रान्स'. आज आठवतं की ती तिसरी ओळ वरच्या दोन ओळींपेक्षा किंचित काळी होती. तेव्हा मी ते कार्ड देव्हाऱ्यात ठेवलं होतं.

शेठनं कार्डाची झेरॉक्स घेतली आणि किल्ली दिली. पहिल्या खेपेला जुना ड्रायव्हर नाना सोबत होता, गाडी बहुतेक त्यानंच चालवली. दुसऱ्या खेपेला मी आणि क्लीनर, मागं १८ टन कांदा, रात्रीचा कसारा घाट. पिकअपच्या सवयीनं मी उतारावर पाय ब्रेकवरच ठेवला. दाबायचं, सोडायचं, परत दाबायचं. तिसऱ्या वळणापाशी ब्रेकचे लायनर जळल्याचा वास केबिनमध्ये आला. ब्रेकच्या हवेच्या मीटरचा काटा खाली सरकताना दिसत होता, पण तो काय सांगतोय ते मला कळत नव्हतं. मग बझर वाजायला लागला. क्लीनर वीस वर्षांचं पोरगं. ते ओरडलं, "भाऊ, पाय पंप करू नका, हवा संपेल! गिअर खाली घ्यायचा ना घाटाच्या आधी!" घाटाच्या आधी घ्यायचा असतो हे खरं, पण आता मध्येच घ्यायला गेलो तर गिअर बसेना, आणि दोन-तीन सेकंद २८ टनांची गाडी न्यूट्रलमध्ये उतारावर. कसाबसा गिअर पडला. डोंगराच्या बाजूला गाडी उभी केली तेव्हा चाकांतून धूर येत होता. पोरगं काही बोललं नाही. पाण्याची बाटली माझ्याकडं सरकवली आणि तोंड खिडकीकडं फिरवून बसलं.

तरी मी गाडी सोडली नाही. सात हजार जास्त होते.

एप्रिलच्या शेवटी वाशीच्या मार्केटात रिव्हर्स घेताना मागं उभ्या टेम्पोची केबिन दाबली. माणूस आत नव्हता. आमचाही मागचा फाळका वाकला. शेठनं विम्याला कळवलं, दोन दिवसांनी सर्व्हेअर आला. त्यानं कार्ड उलटंसुलटं केलं आणि मग बाजूला ठेवलं. मोबाइलवर परिवहनची सारथी साइट उघडली, लायसन नंबर आणि जन्मतारीख टाकली. पान उघडायला अर्धा मिनिट लागलं असेल. माझं नाव, एमसीडब्ल्यूजी, एलएमव्ही, बस. ट्रान्सपोर्टची नोंदच नाही. मग त्यानं कॅलेंडर उघडलं.

मी घाम पुसत होतो, आणि शेठ माझ्याकडं बघतसुद्धा नव्हते.

क्लेम नामंजूर झाला. टेम्पोवाल्याचे आणि आमच्या गाडीचे मिळून ४१ हजार शेठनं खिशातून भरले, त्यातले २० माझ्या अंगावर टाकले. ते एकच वाक्य बोलले, "केबिनमध्ये माणूस असता तर?" वकीलसाहेबांनी तेही उलगडून सांगितलं. माणूस जखमी झाला किंवा गेला, तर लायसन चुकीचं असलं तरी कोर्ट बहुधा विमा कंपनीला भरपाई द्यायला लावतं, पण तीच रक्कम गाडीमालकाकडून वसूल करायची मुभा कंपनीला देतं. 'आधी द्या, मग वसूल करा' हे तत्त्व सुप्रीम कोर्टानं २००४ मध्ये घालून दिलंय. अशा रकमेत माणसाची जमीन जाते. शिवाय विनापरवाना चालवणाऱ्याला कलम १८१ आणि त्याच्या हातात गाडी देणाऱ्या मालकाला कलम १८०, दोन्हीकडं ५ हजार दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

एजंटाचा फोन बंद. टपरीवाला म्हणाला, "कोण? इथं रोज पन्नास जण बसतात." कचेरीत चौकशी केली तर माझ्या नावानं अर्जच गेलेला नव्हता. 'आतल्या'ला द्यायचे म्हणून त्यानं सांगितलेले पैसे त्याच्याच बॅगेत राहिले होते. पोलिसांकडं गेलो तेव्हा पाय लटपटत होते, कारण वकीलसाहेबांनी आधीच सांगून ठेवलं होतं. खोटा कागद बनवणं हा भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहेच, पण खोटा आहे हे माहीत असून तो खरा म्हणून वापरणं हाही गुन्हा आहे. मला माहीत नव्हतं हे मला पटवून द्यावं लागणार होतं. आणि चाचणी न देता लायसन मिळालं, तेव्हा काय वाटलं होतं तुला, या हवालदारांच्या प्रश्नाला माझ्याकडं धड उत्तर नव्हतं. तक्रार घेतली, कार्ड जमा केलं. पाच हजारांच्या स्क्रीनशॉटवरून ती बाई सापडली. तिचं म्हणणं, भाच्यानं खातं वापरलं, मला काही ठाऊक नाही. तपास चालू आहे, असं मला दर वेळी सांगतात.

बाकीच्या २१ हजारांचा कसलाच माग नाही. रोख दिलेल्या पैशाला तोंड नसतं.

जूनमध्ये मी शिकाऊ लायसन काढलं. स्कूलची फी साडेनऊ हजार पडली. तिथले उस्ताद साठीचे, कधीकाळी एसटीत होते. पहिल्या दिवशी त्यांनी गाडी सुरूच करू दिली नाही. इंजिन चालू, गाडी उभी, आणि मला फक्त हवेचा काटा बघत बसवलं. किती हवा भरली की निघायचं, ब्रेक किती वेळा दाबला की काटा किती उतरतो. "ज्या गिअरमध्ये घाट चढशील, त्याच्याच आसपास उतरायचं," ते म्हणायचे. मी त्यांना कसाऱ्याचं सांगितलं नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनीच विचारलं, "तू आधी चालवली आहेस ना मोठी? चुकीच्या सवयी आहेत तुला."

चाचणीत पहिल्यांदा रिव्हर्समध्ये नापास झालो, दुसऱ्यांदा पास. ऑगस्टच्या शेवटी कार्ड पोस्टानं आलं, पोस्टमननं सही घेतली. मी पाकीट फोडायच्या आधी साइट उघडली. तीन ओळी होत्या, तिसरीपुढची तारीख बुधवारची होती.

शेठनं परत घ्यायचं कबूल केलं, पण हिशेब बघणाऱ्या दिवाणजींना भेटून ये म्हणाले. मी नवं कार्ड काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं. दिवाणजींनी त्याला हातही लावला नाही. चष्मा कपाळावरून खाली घेतला, कॉम्प्युटर पुढं ओढला आणि म्हणाले, "नंबर सांग. आणि जन्मतारीख."