साठ रुपयांची 'नाऊन' पुस्तिका: मधली पानं सोन्यासारखी, शेवटची अर्धवट

तालुक्याच्या एसटी स्टँडवरच्या पुस्तकाच्या टपरीत पंचांग आणि पाढ्यांच्या पुस्तकांशेजारी ही ८० पानांची पुस्तिका टांगलेली असते. किंमत ६० रुपये. सगळा मजकूर इंग्रजीतल्या नामावर, समजावणी मराठीत, आणि प्रत्येक इंग्रजी शब्दाखाली देवनागरीत उच्चार. मराठी माध्यमाच्या सहावी ते दहावीच्या मुलांसाठी ती काढली आहे. याच धर्तीच्या तीन-चार पुस्तिका एकाच दोरीला लटकतात, तेव्हा मुखपृष्ठ न बघता आतलं चाळून घ्या.

निवाडा आधीच सांगतो. मधल्या १९ पानांसाठी ती घ्यावी. पहिली २० पानं एका बैठकीत उरकावीत. शेवटी नाऊन फ्रेजला, म्हणजे नामाच्या पदबंधाला, जे दीड पान दिलं आहे, तिथे शिकवणाऱ्याने स्वतःची आठवडाभराची मेहनत घालावी. ती घातली नाही तर मूल नामाखाली रेघ ओढायला शिकेल, पण त्याच्या हातून इंग्रजी वाक्य उभं राहणार नाही.

पहिल्या २० पानांत नामाचे पाच प्रकार आहेत: प्रॉपर (विशेषनाम), कॉमन (सामान्यनाम), कलेक्टिव्ह (समूहवाचक), मटेरियल (पदार्थवाचक), ॲबस्ट्रॅक्ट (भाववाचक). शाळकरी व्याकरणांतून चालत आलेली ही वाटणी. 'कॉटन' मटेरियल आहे असं मुलाने बरोबर लिहिलं, तरी 'अ कॉटन' म्हणायचं की नुसतं 'कॉटन', हे त्याला त्यातून उमगत नाही. रोज कामी येणारा भेद प्रॉपर आणि कॉमनचा. पण तिथेही पुस्तिका पहिल्या कॅपिटल अक्षरापाशीच थांबते, आणि अडचण असते 'द'ची. नदीला 'द' लागतो: 'द वैनगंगा', 'द पैनगंगा'. डोंगररांगेला लागतो: 'द सातपुडा रेंज'. गावाला, जिल्ह्याला, तळ्याला लागत नाही: 'वरुड', 'यवतमाळ', 'लोणार लेक'. आपल्याकडे तर याची आयती जोडी आहे: 'वर्धा इज अ डिस्ट्रिक्ट' आणि 'द वर्धा इज अ रिव्हर'. एवढी दोन वाक्यं फळ्यावर लिहिली की 'द'चं काम मुलांना दिसतं. पुस्तिकेत असं एकही उदाहरण नाही. टेम्स आणि लंडन आहेत.

'व्यक्ती, स्थळ, वस्तूचं नाव म्हणजे नाम' ही व्याख्याही तिथेच चौकटीत छापली आहे. ती पाठ करून घेऊ नये. 'वॉटर' हे नाम, पण 'वी वॉटर द चिलीज' यात तेच क्रियापद. मराठीत पाण्याला, पाण्यात, पाण्याचं अशी रूपं बदलतात, त्यामुळे नाम लपत नाही. इंग्रजी नामाच्या अंगावर खुणा दोनच: अनेकवचन आणि मालकी दाखवणारा अपोस्ट्रॉफी-एस. म्हणून ते ओळखायचं जागेवरून. शब्दाआधी 'द' किंवा 'माय' बसतो का बघा. 'माय वॉटर' बसतं, 'अरायव्हल' ही कुठली वस्तू नसली तरी 'द अरायव्हल' बसतं. दोन्ही नामं.

आता पान ३१ ते ४९. काऊंटेबल आणि अनकाऊंटेबल, म्हणजे मोजता येणारी आणि न येणारी नामं. हा भाग लिहिणाऱ्याला मराठी मुलाचं डोकं ठाऊक आहे, हे ओळीओळीत जाणवतं. 'केस' मराठीत अनेकवचन, इंग्रजीत 'हेअर' एकवचन: 'हर हेअर इज लाँग'. 'बातम्या' अनेक, पण 'द न्यूज इज गुड'. 'कात्री', 'चष्मा', 'पँट' आपल्याकडे एकेक. इंग्रजीत 'सिझर्झ', 'ग्लासिझ', 'ट्राउझर्झ' कायम अनेकवचनी, आणि एक नग सांगायचा तर 'अ पेअर ऑफ सिझर्झ'. 'गुरं' म्हणजे 'कॅटल', तेही अनेकवचनीच: 'द कॅटल आर ग्रेझिंग'; 'अ कॅटल' चालत नाही, एक जनावर असेल तर 'अ काऊ' किंवा 'अ बुलक' म्हणावं लागतं. 'ऑक्स'चं 'ऑक्सन' हे जुन्या इंग्रजीतून उरलेलं रूप, 'चिल्ड्रन'मधला शेवटचा 'न' त्याच घराण्यातला. 'एक सल्ला देतो' असं आपण सहज म्हणतो. इंग्रजीत 'ॲन ॲडव्हाइस' नाही, 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस'.

न मोजता येणारी गोष्ट मोजायची कशी, याचा तक्ता पान ४४ वर आहे. पुस्तिकेतलं सर्वांत मोलाचं पान हेच. 'फाइव्ह क्विंटल्झ ऑफ कॉटन', 'टेन बॅग्झ ऑफ सोयाबीन', 'अ ग्रेन ऑफ राइस'. ज्वारीचं कणीस म्हणजे 'ॲन इअर ऑफ जोवार', हेही आहे. 'इअर'चा अर्थ कान एवढाच माहीत असलेलं मूल इथे चमकतं आणि शब्द जन्मभर विसरत नाही. त्यात हाताने एक भर घाला: 'अ बेल ऑफ कॉटन', जिनिंगमध्ये सरकी काढून दाबून बांधलेली रुईची गाठ, आपल्या देशात १७० किलोची. भंडारा-गोंदियाकडच्या शिक्षकांनी धान, तांदूळ, भात हे तिन्ही लिहून द्यावेत: 'पॅडी', 'राइस', 'कुक्ड राइस'. तिन्ही अनकाऊंटेबल.

एक उणीव मात्र इथेही आहे. पुस्तिका प्रत्येक शब्दावर कायमचा शिक्का मारते. मोजता येणं हा गुण शब्दाचा कमी आणि वापराचा जास्त. डोक्यावरचे केस 'हेअर', पण वरणात सापडलेला एक केस 'अ हेअर'. घर बांधायला 'स्टोन' वापरतात, पण पायाला लागतो तो 'अ स्टोन'. कागद 'पेपर', वर्तमानपत्र 'अ पेपर'. यादी पाठ झाल्यावर अशा पाच-सहा जोड्या दिल्या नाहीत, तर मूल बरोबर वाक्यही चूक समजून खोडतं.

उच्चारांवर विसंबू नका. अनेकवचनाच्या एसखाली सरसकट 'स' छापला आहे. नियम सोपा आहे. शब्द प, ट, क, फ अशा घोष, म्हणजे गळ्यातली थरथर, नसलेल्या ध्वनीवर संपला तर 'स': 'कॅप्स', 'गोट्स', 'बुक्स'. स, श, च, ज यांसारख्या ध्वनीवर संपला तर 'इझ': 'बसिझ', 'ब्रिजिझ'. बाकी सगळीकडे 'झ': 'बॅग्झ', 'डॉग्झ', 'फार्मर्झ'. शिवाय 'फार्मर्झ' ऐकायला एकच, लिहायला तीन: अनेक शेतकरी, एका शेतकऱ्याचं, अनेक शेतकऱ्यांचं. अपोस्ट्रॉफी कुठे टाकायचा, हे देवनागरी उच्चारातून कधीच कळणार नाही. ते रोमन लिपीत लिहूनच घ्यावं लागतं.

'अ' आणि 'ॲन'चा नियमही अक्षरावरून सांगितला आहे. तो ध्वनीवरून चालतो. 'ॲन अवर', पण 'अ युनिव्हर्सिटी'. आणि आपली लाल गाडी 'ॲन एसटी बस', कारण तोंडातून पहिला निघतो तो 'ए'. संत्र्याचा शब्द या निमित्ताने जरूर सांगा: संस्कृत 'नारंग' फारसी-अरबीतून युरोपात गेला, वाटेत सुरुवातीचा 'न' गळाला आणि इंग्रजीत तो 'ॲन ऑरेंज' झाला. 'एप्रन'चा 'न' तर इंग्रजीतच पळाला. आधी तो 'अ नॅप्रन' होता, लोकांनी 'ॲन एप्रन' असा तोडला.

आता त्या दीड पानाकडे. तिथे 'नामाभोवतीचा शब्दसमूह म्हणजे नाऊन फ्रेज' एवढं सांगून तीन उदाहरणं दिली आहेत. पण इंग्रजी वाक्यात कर्ता किंवा कर्म म्हणून उभा राहतो तो अख्खा पदबंध. सर्वनामही नामाच्या जागी येत नाही, पदबंधाच्या जागी येतं. 'दॅट ओल्ड वेल बिहाइंड द स्कूल इज ड्राय' याचं 'इट इज ड्राय' होतं. 'दॅट ओल्ड इट बिहाइंड द स्कूल' होत नाही. पदबंध कुठे सुरू होऊन कुठे संपतो, ते तपासायची हीच कसोटी.

मराठी मूल अडकतं ते क्रमाशी. मराठीत सगळं ओझं नामाच्या आधी असतं, मुख्य नाम शेवटी. इंग्रजीत हलकं आधी, जड नंतर. म्हणून आधी मराठीतलं शेवटचं नाम शोधून त्याखाली रेघ मारायची. मग आधीच्या शब्दांचे प्रत्यय बघायचे. -तला, -वरचा, -मागचा असेल तर तो भाग प्रिपोझिशनसह ('इन', 'नियर' यांसारख्या शब्दासह) नामानंतर: 'वावरातली विहीर', 'द वेल इन द फील्ड'. -णारा असेल तर क्रियापदाचं 'इंग' रूप नामानंतर: 'कापूस वेचणाऱ्या बाया', 'द विमेन पिकिंग कॉटन'. -लेला असेल आणि काम नामावर घडलेलं असेल तर तिसरं रूप: 'काल विकलेला कापूस', 'द कॉटन सोल्ड यस्टरडे'. सुटं विशेषण, संख्या आणि मालकी आधीच राहते. आता लांब उदाहरण घ्या: 'शाळेमागच्या त्या जुन्या विहिरीजवळ उभी असलेली सरपंचाची बंडी'. रेघ 'बंडी'खाली. इंग्रजीत 'द सरपंचिझ बुलक कार्ट स्टँडिंग नियर दॅट ओल्ड वेल बिहाइंड द स्कूल'. मराठीत सर्वांत आधी आलेली शाळा इंग्रजीत सर्वांत शेवटी गेली.

इथूनच क्रियापदाच्या वचनाची चूक जन्मते. मराठीत मुख्य नाम पदबंधाच्या शेवटी, क्रियापदाकडच्या बाजूला असतं. इंग्रजीत मध्ये दुसरी नामं घुसतात. मूल जवळचं नाम धरतं आणि 'द प्राइस ऑफ द बॅग्झ आर लो' लिहितं. मुख्य नाम 'प्राइस', म्हणून 'इज'. 'वन ऑफ माय फ्रेंड्झ'मध्ये मुख्य शब्द 'वन', म्हणून क्रियापद 'इज', आणि 'फ्रेंड्झ'चा शेवटचा ध्वनी खायचा नाही.

आणखी दोन जागा ठरलेल्या आहेत. 'माझा तो बैल' मराठीत सरळ. इंग्रजीत 'माय' आणि 'दॅट' एकाच खुंटीचे, दोघांपैकी एकच बांधता येतो, म्हणून 'दॅट बुलक ऑफ माइन'. आणि 'दोन एकरांचं वावर' म्हणजे 'अ टू-एकर फील्ड'. नामाआधी बसलेलं माप एकवचनी होतं. 'अ थ्री-इयर-ओल्ड बुलक', पण 'द बुलक इज थ्री इयर्झ ओल्ड'. नामापुढे नाम लावताना मात्र मराठी सवय कामी येते: 'कापूस खरेदी केंद्र' आणि 'कॉटन प्रोक्युअरमेंट सेंटर', दोन्हीकडे मुख्य नाम शेवटी. यातलं काहीही त्या दीड पानात नाही.

स्वाध्याय १२ आहेत. त्यांतले आठ 'प्रकार ओळखा'चे, ते सोडून द्या. उत्तरांच्या पानांवर तीन चुका आहेत: 'द न्यूज आर', 'ॲडव्हायसेस' आणि 'अ एसटी बस'. मुलाच्या हाती देण्याआधी पेनाने दुरुस्त करा. शंका आली तर शिकणाऱ्यांसाठीचे इंग्रजी कोश मोबाइलवर फुकट बघता येतात. नामापुढे 'सी' अशी खूण असेल तर मोजता येतं, 'यू' असेल तर येत नाही, दोन्ही असतील तर अर्थावर अवलंबून. बांधणी दोन पिनांची आहे, महिन्याभरात मधली पानं सुटतात, आणि नेमकी तीच पानं रोज लागतात. घेतल्याबरोबर दाभणाने तीन टाके घालून घ्या.