राजीनाम्याआधी: अर्धवेळ नोकरी, लोकम की रिटेन्शन स्कीम?

इंग्लंडमध्ये जीपी (फॅमिली डॉक्टर) आहात, घरी लहान मूल किंवा आजारी आईवडील आहेत आणि ‘आता सोडूनच द्यावं’ असं रोज मनात येतंय? राजीनामा लिहिण्याआधी या तीन वाटा शेजारी ठेवून बघा.

अर्धवेळ पगारी नोकरी सगळ्यांत सहज मिळते. पूर्णवेळ म्हणजे ९ सेशन (एक सेशन म्हणजे साधारण अर्धा दिवस), आठवड्याचे ३७.५ तास, त्यातले झेपतील तेवढे घ्यायचे. कागदावर एक सेशन ४ तास १० मिनिटांचं. पण शेवटचा पेशंट बाहेर पडतो तेव्हा रक्ताचे रिपोर्ट, हॉस्पिटलची पत्रं, रिपीट औषधांच्या विनंत्या स्क्रीनवर तशाच असतात, आणि तिकडे शाळा सुटायची वेळ झालेली असते. चार सेशनची नोकरी पाच-सहाची कधी होते, कळतही नाही. म्हणून दर सेशनला पेशंट किती आणि कागदपत्रांना वेळ किती, हे करारातच लिहून घ्या. ‘बघू, जमवून घेऊ’ यावर सही करू नका.

लोकममध्ये, म्हणजे दुसऱ्या डॉक्टरच्या जागी बदली काम करताना, दिवस तुमचा, दरही तुम्हीच ठरवायचा. भरपगारी रजा नाही; शिवाय एनएचएस (सरकारी आरोग्यसेवा) पेन्शनचे फॉर्म १० आठवड्यांत गेले नाहीत तर त्या कामाची पेन्शन हुकते. मला त्याहून जास्त सलतं ते हे, की आज तपासलेल्या माणसाचं पुढे काय झालं, ते बहुधा कळत नाही. फॅमिली डॉक्टर झालो ते त्यासाठीच ना?

रिटेन्शन स्कीम, म्हणजे सोडायच्या बेतात असलेल्या जीपींना टिकवून ठेवायची एनएचएसची योजना, सध्याच्या रूपात २०१७ साली आली. आठवड्याला १ ते ४ सेशन, कमाल ५ वर्षं, दरवर्षी आढावा. डॉक्टरला सेशनप्रमाणे वर्षाला १,००० ते ४,००० पौंड, प्रॅक्टिसला (ज्या दवाखान्यात काम करता त्याला) दर सेशनमागे ७६.९२ पौंड. पण पैशापेक्षा मोलाचा आहे तो प्रॅक्टिसमधला सुपरवायझर. अडलं की दार ठोठवायला एक ठरलेलं माणूस असतं. अट मात्र कडक आहे: साध्या अर्धवेळ नोकरीत भागत असेल तर ही मिळत नाही, आणि मंजुरी आधी घ्यावी लागते.

खरोखर सोडायच्या बेतात असाल तर माझं मत स्कीमच्या बाजूने. नुसते तास कमी हवे असतील, तर नीट लिहिलेला अर्धवेळ करार पुरे.

पूर्ण थांबणारच असाल, तर तारीख लिहून ठेवा. २ वर्षांहून अधिक खंड पडला की परतताना साधारणपणे रिटर्न टू प्रॅक्टिस कार्यक्रमातून जावं लागतं. तेवढी वेळ येऊ द्यायची नसेल, तर आठवड्याला एक सेशन चालू ठेवा.