टीबीएबी सात-आठ महिने वापरल्यावर

टेट्राब्युटाइल अमोनियम ब्रोमाइड, म्हणजे आपलं टीबीएबी, हा फेज ट्रान्स्फर कॅटॅलिस्ट (पाण्याच्या थरातला ॲनायन, म्हणजे ऋण आयन, ऑरगॅनिक थरात ओढून नेणारं मीठ) सात-आठ महिने जवळपास रोज वापरतोय, फिनॉलचे इथर आणि फिनाइलॲसिटोनायट्राइलचं अल्किलेशन (रेणूला अल्किल गट जोडणं) यासाठी. आधी सगळं सोडियम हायड्राइड आणि डीएमएफवर चालायचं, म्हणजे कोरडं सॉल्व्हंट, नायट्रोजन, वर हायड्रोजनची धास्ती. आता टोल्युईन, ५०% कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइडचं पाण्यातलं द्रावण), ५ मोल टक्के टीबीएबी, बस. ०.१ मोलच्या बॅचला जेमतेम १.६ ग्रॅम लागतं. एकदा मुद्दाम टीबीएबी न टाकता लावून बघितलं तर दोन थर एकमेकांवर नुसते बसून राहिले, टीएलसीवर (रिॲक्शन किती पुढे गेली ते बघायची चाचणी) काही म्हणजे काही हललं नाही. १९७१ मध्ये स्टार्क्सने क्लोरोऑक्टेन आणि सायनाइडवर हेच दाखवलं होतं (त्याचं मीठ फॉस्फोनियमचं होतं, पण तत्त्व तेच).

आता कुठे फसलो ते. लिव्हिंग ग्रुप (रिॲक्शनमध्ये सुटून जाणारा भाग) चांगला म्हणून हौसेने इथाइल आयोडाइड घेतलं, सुरुवातीला रिॲक्शन सुसाट आणि मग अर्ध्यावर ठप्प. सुटलेलं आयोडाइड त्या अमोनियमला असं चिकटून बसतं की ऑरगॅनिक थर सोडतच नाही, मग आपल्याला हवा तो ॲनायन आत येणार कसा? इथाइल ब्रोमाइडवर गेलो, प्रश्न मिटला. दुसरं म्हणजे तापमान. घाई होती म्हणून ९० अंशांच्या वर नेलं तर फ्लास्कमधून अमाइनचा माशासारखा वास, म्हणजे हॉफमन एलिमिनेशन (अल्कलीमुळे अमोनियम मीठ तुटून अमाइन बनणं) होऊन कॅटॅलिस्टच ट्रायब्युटाइलअमाइन होऊन गेला. कॉस्टिक इतकं तीव्र असेल तर मी आता ५० च्या वर जातच नाही.

पण खरी डोकेदुखी वर्कअप, म्हणजे रिॲक्शननंतर माल वेगळा करून धुणं. पहिल्या बॅचच्या एनएमआरमध्ये (रेणूची रचना दाखवणारा आलेख) ३.३, १.६, १.४ आणि १.० ला पीक, माझ्या रेणूत ब्युटाइल आलं कुठून म्हणून दोन दिवस डोकं खाजवत बसलो, आणि ते सगळं टीबीएबी निघालं! चूक माझीच, सवयीने ब्राइनने (मिठाच्या संपृक्त पाण्याने) धुवत होतो आणि मिठामुळे ते उलट ऑरगॅनिक थरातच ढकललं जात होतं. आता आधी भरपूर पाणी घालून कॉस्टिक पातळ करतो, थर वेगळा करतो, मग तीन-चार वेळा साध्या पाण्याने धुतो, ब्राइन अगदी शेवटी. टोल्युईनमधून ते सहज निघतं, डीसीएममधून (डायक्लोरोमिथेन) मात्र जीव खातं.

या जातीचे बाकीचे कॅटॅलिस्टही वापरून झाले. सीटीएबीने असं इमल्शन केलं की सेपरेटिंग फनेल रात्रभर तसाच ठेवावा लागला, परत हात लावणार नाही. ॲलिक्वाट ३३६ काम छान करतं पण मधासारखं चिकट, वजन करताना वैताग येतो. स्टरिंगला कंजुषी नको, ५०० मिलीच्या वर मॅग्नेट नुसता थरथरतो, ओव्हरहेड लावा. आणि बाटलीचं झाकण घट्ट लावा राव, माझ्या पहिल्या बाटलीचा हवेतल्या ओलीने पार दगड झाला होता.