आठ महिने बाहेरून ड्रॉइंग, आणि एक फूट

कुडाळात माझं दोन टेबलांचं ऑफिस. हाताखालचा ड्राफ्ट्समन गोव्याला गेला तेव्हापासून ऑटोकॅडचं काम, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे काढणं, एका फ्रीलान्स साइटवरच्या माणसाकडून करून घेतोय. शीटला 700 रुपये. इथे पगारी माणूस एवढ्यात परवडत नाही, म्हणून साइटवरच्या या माणसाला चार तारे देऊन मोकळा होणार होतो. तेवढ्यात मालवणचं घर आलं.

चाकरमान्याचं घर, चिऱ्याचं, भिंती 9 इंची. मालकीणबाईंना 10 फुटांचं स्वयंपाकघर 11 फूट हवं झालं. दुरुस्ती कळवली, तासाभरात पीडीएफ आली, 11 लिहिलेलं दिसलं, मी ओके केलं, पैसे सुटले. जागेवर आखणीची फक्की मारायला घेतली तर गवंडी टेप धरून उभा. "साहेबांनू, बेरीज जमना नाय." खोल्या 12 आणि 11, तीन भिंतींचे सव्वादोन फूट, झाले 25 फूट 3 इंच. बाहेरचं माप 24 फूट 3 इंच. पठ्ठ्याने भिंत सरकवलीच नव्हती! डायमेन्शनवर, म्हणजे मापाच्या आकड्यावर, डबल क्लिक करून आकडा हाताने टाइप केला होता.

पाया खणला नव्हता म्हणून अर्ध्या दिवसाच्या मजुरीवर निभावलं. पण ऑटोकॅड स्वतः मोजून देतं तो आकडा पुसून वर दुसरा लिहायचा? उशीर, लेयरांचा गोंधळ, ओटीला 'सिट-आउट' म्हणणं, सगळं चालवून घेईन. हे नाही. आता डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडची मूळ फाइल, आली की सगळी मापं निवडून प्रॉपर्टीजमधला टेक्स्ट ओव्हरराइडचा, म्हणजे हाताने टाइप केलेल्या आकड्याचा, रकाना बघतो. रिकामा नसेल तर काम परत. बायको म्हणते, झोपेतही तेच बडबडतो.

पैशाचं म्हणाल तर आधी निम्मे आगाऊ, निम्मे पीडीएफवर द्यायचो. घोडचूक. आता 30 टक्के सुरुवातीला, 30 पीडीएफवर, 40 डीडब्ल्यूजी तपासल्यावर. एक्सरेफ (ड्रॉइंगला जोडलेल्या दुसऱ्या फाइली) आणि फॉन्ट सोबत हवेत. साइट पैसे अडकवून ठेवते, पण ठरलेल्या दिवसांत आपण बोललो नाही तर आपोआप सोडतेही. गणपतीत मी वाडीवर, रेंज नाही. परत आलो तर न तपासलेल्या शीटचे पैसे गेलेले. चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात काम देणं बंद.

मध्येच तो म्हणाला, थेट यूपीआय करा, साइटचं कमिशन वाचेल. खोटं कशाला बोलू, मन डळमळलं. पण भांडण झालं तर मध्ये कोण? नको म्हटलं.

एक तारा द्यायचं ठरवून त्याला आधी झापलं. तो शांतपणे म्हणाला, "सर, स्वयंपाकघर वाढवताना हॉल कमी करायचा की घर लांबवायचं, ते तुम्ही सांगितलंच नाही." त्याने विचारायला हवं होतं, ते आहेच. पण मीही दुरुस्ती म्हणून अकरा सेकंदांचा व्हॉइस मेसेज टाकला होता. पूर्ण सेट त्याने फुकट काढून दिला. आता मी प्रिंटवर लाल पेनाने खुणा करून फोटो पाठवतो.

काल त्याचा मेसेज आला: "सर, खळं म्हणजे काय? पार्किंग दाखवू का?" खळं म्हणजे घरापुढचं अंगण, पण विचारलं तरी! साइटवर अर्धा तारा देता येत नाही, म्हणून तिथे तीन दिलेत. साडेतीन समजा.