दोन मशीन, एक बोट: डबल स्कल्सच्या मुलींसाठी कॉन्सेप्ट टू रोअर्ग

डबल स्कल्सची, म्हणजे दोघींनी प्रत्येकी दोन वल्ही घेऊन चालवायच्या बोटीची, आंतरराष्ट्रीय शर्यत सरळ २००० मीटरची असते. जळगावच्या मेहरूण तलावात तेवढी सरळ रेषा बसत नाही. तापीला पावसाळ्यात ओढ असते, आणि हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की खाली बोट घालायचा प्रश्नच येत नाही. त्यामुळे खानदेशात रोइंग करायचं तर वर्षातले बरेच महिने मशीनवर काढावे लागतात. मशीन म्हणजे कॉन्सेप्ट टू कंपनीचं रोअर्ग, जमिनीवर बसून वल्हवायचं. जुनी मंडळी त्याला अजून मॉडेल डी म्हणतात, २०२१ मध्ये फक्त नाव बदललं.

पहिली जमेची बाजू: याला वीज लागत नाही. प्रतिकार पंख्याच्या चाकाने ढकललेल्या हवेचा, आणि पीएम५ मॉनिटर टॉर्चमध्ये घालतात तसल्या दोन मोठ्या सेलवर चालतो. वल्हवताना चाकाची वीजही तो वापरतो. भारनियमन असो नसो, सराव चालू. लांबी ८ फूट, वजन २६ किलो. मधून दोन तुकडे होतात, पण वापरताना ९ बाय ४ फूट जागा मोकळी हवी.

आता चाकाच्या बाजूच्या, १ ते १० आकड्यांवर सरकणाऱ्या दांडीबद्दल, म्हणजे डॅम्परबद्दल. व्यायामशाळेत नव्वद टक्के गोंधळ इथेच. दांडी १० वर म्हणजे जास्त व्यायाम, असं समजून पोरी ती वर सरकवतात आणि पंधरा दिवसांत कंबर धरून बसतात. दांडीचा आकडा हा सायकलच्या गिअरसारखा. खरा आकडा ड्रॅग फॅक्टर, म्हणजे हवा चाकाला प्रत्यक्षात किती अडवते त्याचं माप. मॉनिटरवर ‘मोअर ऑप्शन्स’मध्ये जा, ‘डिस्प्ले ड्रॅग फॅक्टर’ निवडा, सावकाश दहाएक स्ट्रोक मारा, आकडा दिसेल. नवख्या मुलीसाठी १०० ते १२० पुरे. डबल पाण्यावर हलकी आणि चपळ पळते, तिचा अंदाज जड दांडीवर येत नाही.

खानदेशात हा आकडा रोज तपासावा लागतो. जानेवारीच्या पहाटे १२ अंश आणि मे महिन्यात ४५ अंश, म्हणजे हवेची घनता दहा टक्क्यांनी उतरते. जानेवारीत ज्या दांडीवर १२० होते, तिथेच मे महिन्यात १०८ च्या आसपास मिळतात. मॉनिटर हिशोब सांभाळून घेतो, वॅट चुकत नाहीत, पण हाताला स्ट्रोक सैल लागतो. त्यात धूळ, आणि जिनिंगच्या हंगामात उडणारे कापसाचे तंतू. ते चाकाभोवतीच्या जाळीत अडकले की हवा आत जात नाही. दांडी तीच आणि आकडा महिन्यागणिक घसरत असेल, तर मुलगी कमजोर झालेली नाही, जाळी बुजली आहे. व्हॅक्यूमने साफ करा.

बाकी देखभाल थोडी: सीटची पट्टी रोज ओल्या फडक्याने पुसायची. साखळीला दर ५० तासांनी चमचाभर साधं मशीन ऑइल कापडावर घेऊन लावायचं. गंज काढायचा स्प्रे नको, तो तेल धुऊन टाकतो.

आकड्यांचं गणित एकदा मुलींना फळ्यावर मांडून दाखवावं. ५०० मीटरला २:०० चा वेग, म्हणजे दोन मिनिटांत ५०० मीटर, याला सुमारे २०३ वॅट. १:५० ला २६३. १:४० ला थेट ३५०. वीस सेकंद कमी करायला ताकद पाऊणपट वाढवावी लागते, म्हणून शेवटचे पाच सेकंद महिनोन्महिने हलत नाहीत. टोकियो ऑलिंपिकमध्ये रुमानियाच्या बोदनार आणि रादिश यांनी डबल ६:४१.०३ मध्ये आणली, म्हणजे ५०० मीटरला साधारण १:४० चा वेग. अर्थात तिथे दोघींची ताकद एका बोटीत होती. पॅरिसनंतर ऑलिंपिकमधून महिलांची लाइटवेट, म्हणजे वजनाची मर्यादा असलेली, डबल गेली, त्यामुळे आपल्याकडच्या शिडशिडीत मुलींनाही आता खुल्या गटातच उतरावं लागणार. मशीनवरचे वॅट त्यामुळे जास्तच महाग झाले.

डबलच्या सरावासाठी दोन मशीन शेजारी-शेजारी लावू नका, एकामागे एक लावा. बोटीत दोघींची तोंडं मागच्या टोकाकडे असतात. समोर बसलेली, म्हणजे स्ट्रोकच्या जागेवरची मुलगी लय ठरवते आणि तिच्या मागे बसलेली, म्हणजे बोच्या जागेवरची मुलगी तिच्या पाठीकडे बघत तीच लय धरते. मशीनही तसंच हवं. लांब पल्ल्यात मिनिटाला १८ ते २० स्ट्रोक ठेवा. क्रम पाय, कंबर, हात. परतताना हात, कंबर, पाय. परतताना मागची मुलगी पुढचीपेक्षा लवकर पुढे सरकत असेल तर तिथेच थांबवा. पाण्यावर हीच चूक बोटीचा वेग खाते. पैसे असतील तर खाली सरकत्या स्लाइड्स घ्याव्यात. मशीन जमिनीला चिकटलेलं असताना प्रत्येकीला स्वतःचंच वजन पुढे-मागे ओढावं लागतं. स्लाइडवर मशीन अंगाखालून सरकतं, बोटीसारखं.

हे मशीन हात मात्र शिकवत नाही. डबलमध्ये प्रत्येकीकडे दोन वल्ही, ओढताना मुठी एकमेकींवरून जातात, बहुतेकांची डावी वर. वल्ह्याचं पातं पाण्याबाहेर आडवं करायचं, पुन्हा उभं करायचं, आणि सगळं दहा मीटर लांब, जेमतेम २७ किलोच्या, सतत डुलणाऱ्या बोटीत. रोअर्गला एकच सरळ मूठ. मशीनवर अव्वल असलेली मुलगी पहिल्यांदा पाण्यावर गेली की मुठी आपटून बोटं सोलून घेते, हे धरूनच चाला.

नवं घ्यायला लाखाच्या वर मोजावे लागतात, म्हणून जुनं मशीन बघणारे बरेच. जाऊन दांडी १० वर करा आणि ड्रॅग फॅक्टर पाहा. स्वच्छ मशीनवर तो साधारण दोनशेच्या आसपास जातो. दीडशेलाच अडखळला तर आत कचरा आहे. मग मूठ सोडल्यावर साखळी सरळ, न अडकता आत जाते का पाहा. सैल लोंबली तर आतली रबरी दोरी थकली आहे. दोन्ही दुरुस्त होतं, पण भाव त्याप्रमाणे पाडून घ्या.