पासिंगआधी 'लाईट फेल होणार' म्हणून घाबरवणाऱ्यांपासून सावध राहा

आमचा पिकअप नारायणगावहून वाशीच्या मार्केटला टोमॅटो घेऊन जातो, म्हणजे काम सगळं रात्रीचं. गाडीला आठ वर्षं उलटून गेली, त्यामुळे फिटनेस तपासणी, म्हणजे पासिंग, आता दरवर्षी. यंदा धाकटा भाऊ गाडी पासिंगला घेऊन गेला, तेव्हा आरटीओच्या तपासणी मैदानाच्या अलीकडेच एका माणसानं हात करून त्याला थांबवलं. गळ्यात ओळखपत्र लटकवलेलं, हातात फायली. गाडीभोवती फेरी मारून म्हणाला, "हेडलाईट पिवळे आहेत, नवीन नियमात चालत नाहीत. रेडियमही जुनं झालंय. साहेब फेल करणार." शेजारच्या टपरीवर त्याच्याच माणसानं कंपनीचे हॅलोजन काढले, पांढरेफेक एलईडी बसवले, गाडीला टेप चिकटवली, 'सर्टिफिकेट' म्हणून एक छापील कागद हातात दिला आणि साडेचार हजार घेतले.

आत गाडी नापास झाली, तीही त्याच एलईडीमुळे आणि त्याच टेपमुळे.

हॅलोजनचा उजेड पिवळसर असतो म्हणून गाडी नापास होत नाही. आमच्या हेडलाईटमधल्या हॅलोजनला एच-फोर बल्ब म्हणतात, त्यात दोन तारा असतात: एक अप्परची, म्हणजे लांबच्या झोताची, आणि एक डिपरची, म्हणजे जवळच्या खालच्या झोताची. डिपरच्या तारेखाली पत्र्याची बारीकशी वाटी असते, ती खालच्या बाजूचा उजेड अडवते आणि झोत रस्त्यावरच राहतो. आतला आरसाही त्या तारेच्या जागेप्रमाणेच घडवलेला असतो. त्याच जागी बाजारातला एलईडी कोंबला की उजेड विस्कटतो आणि डिपर मारूनही समोरच्याच्या डोळ्यांत जातो. माळशेजच्या वळणावर समोरून भरलेला ट्रक येत असताना त्याच्या ड्रायव्हरला क्षणभर काही दिसलं नाही तर काय होईल? पैशांपेक्षा मला याचाच जास्त राग आहे.

टेपचं तसंच. पुढे पांढरी, मागे लाल, बाजूंना पिवळी, एवढं त्यानं बरोबर लावलं होतं. पण मालवाहू गाडीची टेप एआयएस-०९० या मानकाची लागते. अस्सल टेपवर ठरावीक अंतरानं मंजुरीची खूण छापलेली असते. आमच्या टेपवर टोकापासून टोकापर्यंत काहीच नव्हतं, नुसतं चमकणारं रेडियम. त्या सर्टिफिकेटवर गाडीचा नंबरसुद्धा घातलेला नव्हता.

तोवर तो माणूस गायब. टपरीवाला म्हणाला, मी फक्त मजुरी घेतो. आमचे चालू स्थितीतले हॅलोजनही त्यानं परत दिले नाहीत, ते बहुतेक पुढच्या कुणाला तरी विकले असतील.

शेवटी गावातल्या ऑटो इलेक्ट्रिशियननं ६०/५५ वॅटचे साधे हॅलोजन टाकले, गाडी भिंतीसमोर उभी करून स्क्रूनं फोकस खाली घेतला. मागच्या नंबर प्लेटचा दिवा गेलेला होता, तोही त्यानंच शोधला. खरा दोष तेवढाच होता आणि त्या एजंटनं तिकडे पाहिलंही नव्हतं. मान्यताप्राप्त टेप पक्क्या बिलावर घेतली आणि गाडी पास झाली.

तुमची गाडी पासिंगला निघाली असेल तर आदल्या रात्री अंधारात सगळे दिवे लावून बघा: अप्पर, डिपर, इंडिकेटर, ब्रेक, टेल, रिव्हर्स, नंबर प्लेट. फी परिवहनच्या पोर्टलवरच भरा. गेटबाहेर कुणी गाडी तपासू लागला तर बॉनेट उघडू देऊ नका, आणि भाऊ किंवा ड्रायव्हर एकटा जाणार असेल तर त्याला हे आधीच सांगून ठेवा. तो छापील कागद जोडून आम्ही आरटीओत लेखी तक्रार दिली आहे. ज्यांना असाच कागद मिळाला असेल त्यांनी तो फेकू नका, तक्रारीला जोडा.